सेफ्टी रिपोर्टमधलं नाव नेमकं कोणाला दिसतं?

प्रश्न असा होता: विमान कंपनीत सेफ्टी रिपोर्ट (कामातली चूक किंवा धोका कळवणारा अहवाल) भरला, तर साहेबांना माझं नाव कळतं का?

यंत्रणा नीट असेल तर कळू नये. रिपोर्ट आधी सेफ्टी विभागातल्या मोजक्या माणसांकडे जातो. ते नाव, कर्मचारी क्रमांक वगैरे काढतात आणि उरलेला मजकूरच पुढे पाठवतात. पण नुसतं नाव काढून भागत नाही बरं का! तारीख आणि फ्लाइट नंबर तसाच राहिला, तर ड्यूटी रोस्टर उघडून कोणीही दोन मिनिटांत माणूस शोधेल. म्हणून तारखेऐवजी फक्त महिना ठेवतात.

फ्लाइट डेटाचं, म्हणजे विमानात आपोआप होणाऱ्या नोंदींचं, गणित थोडं वेगळं. लँडिंग जोरात झालं हे विश्लेषकाला दिसतं, पण वैमानिक कोण होता हे अनेक कंपन्यांत फक्त 'गेटकीपर'लाच उघडता येतं. तो बहुधा वैमानिकांच्याच विश्वासातला असतो, फोन करून विचारतो, "काय झालं होतं?"

अमेरिकेत 1976 पासून असे रिपोर्ट नासा गोळा करते, तिथली हवाई वाहतूक नियामक संस्था एफएए नाही. फॉर्मवरची नावाची पट्टी शिक्का मारून पाठवणाऱ्याला परत देतात. मला ही युक्ती फार आवडते. अपघात आणि गुन्हा मात्र नाव गुप्त ठेवण्याच्या या संरक्षणात बसत नाहीत.

तुमच्याकडे एकच विचारा: सिस्टिममध्ये कोणी कोणता रिपोर्ट कधी उघडला, याची नोंद राहते का? सगळे एकाच सामायिक पासवर्डने लॉगिन करत असतील, तर वरचं सगळं कागदावरच.