साडेअठरा हजारांचे यंत्र की अडीचशे रुपयांची छडी?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपण यंत्रमाग कारखान्यात हिशेबनीस आहात, हातात येणारा पगार दरमहा ३८,००० रुपये असून त्यातले सुमारे ३०,००० घरखर्चात जातात, आणि विजापूर रस्त्यावरील घराच्या अंगणातली रोपे उकरून, वाळत घातलेल्या चादरी फाडून आपल्या दोन वर्षांच्या कारवानी कुत्र्याने घरच्यांच्या नाकीनऊ आणले आहेत, असे आपण लिहिता. दुपारी त्याला सांभाळणाऱ्या मातोश्रींना वाकावे लागू नये म्हणून, त्याची रग जिरवण्यासाठी आपोआप चेंडू फेकणारे बॅटरीवरचे यंत्र १८,५०० रुपयांना, नऊ महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर घ्यावे की घरीच काही बनवावे, असा आपला प्रश्न आहे. अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम ४५,००० रुपये असल्याचे आपण पत्राच्या शेवटी जाता जाता सांगितले आहे. माझ्या उत्तराचा पाया मात्र तोच आकडा आहे. ही शिल्लक दीड महिन्याच्या घरखर्चाइतकी आहे, आणि कुत्र्याचे आजारपण आले तर तेही याच पैशांतून निभवावे लागणार आहे. म्हणून हे यंत्र आत्ता घेऊ नये, असे माझे मत आहे.

प्रथम त्या बिनव्याजी हप्त्यांविषयी. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच नसते, हे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट बजावले होते. अशा योजनेत बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट आधी देतो, म्हणून बेरीज छापील किमतीइतकी दिसते. पण हप्ते क्रेडिट कार्डावर असतील, तर त्या व्याजावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर ग्राहकालाच भरावा लागतो. व्याजदर १५ टक्के धरला, तर नऊ महिन्यांचे व्याज सुमारे १,१०० रुपये आणि त्यावरचा कर सुमारे २०० रुपये होतो. प्रक्रिया शुल्क २०० रुपये असेल तर करासह ते २३६ होते. म्हणजे जवळजवळ ४३५ रुपये जादा जातात, आणि रोखीने घेताना मिळू शकणारी सूट हातची जाते ती वेगळीच. रक्कम मोठी नाही, पण आपण ज्या घरगुती खेळण्याचा विचार करत आहात, त्याच्या संपूर्ण खर्चापेक्षा ती जास्त आहे.

त्याहून मोठा आक्षेप असा, की हे यंत्र आपल्या कुत्र्याच्या स्वभावाला जुळत नाही. कारवानी हा नजरेने सावज हेरून त्याच्यामागे सुसाट धावणारा शिकारी कुत्रा आहे. पळणारी वस्तू त्याला वेड लावते. थांबलेला चेंडू उचलून परत आणण्यात त्याला सहसा रस नसतो. मग चेंडू गोळा करून यंत्रात टाकण्याचे काम आपल्या मातोश्रींकडे येईल, आणि आपण तर हे यंत्र त्यांना वाकावे लागू नये म्हणूनच घेत आहात!

याउलट काठी, दोरी आणि दोरीच्या टोकाला पळते आमिष अशी छडी, जिला बाजारात फ्लर्ट पोल म्हणतात, याच धावण्याच्या ओढीवर चालते. पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा चार फुटी तुकडा घ्यावा. घरात नुकतेच नळाचे काम झाले असेल तर तो अडगळीतही सापडेल. दोन्ही टोकांना भोक पाडलेल्या टोप्या बसवाव्यात आणि भोकांच्या कडा पॉलिश पेपरने घासाव्यात, नाहीतर दोरी तिथेच झिजते. सुमारे दहा फूट दोरी संपूर्ण पाइपमधून ओवून मुठीच्या टोकाला जाड गाठ मारावी, म्हणजे कुत्र्याने ओढ घेतली तरी ताण त्या गाठीवर येतो आणि टोपी निखळत नाही. दुसऱ्या टोकाला जुन्या टॉवेलच्या पट्ट्यांची घट्ट वेणी बांधावी. टेरी टॉवेल विणणाऱ्या आपल्या शहरात चिंध्या विकत घेण्याची वेळ कोणावर येऊ नये.

पाइप, टोप्या, दोरी आणि मुठीला सायकलचे ग्रिप मिळून अडीचशे रुपये धरून चाला. यात काटकसर करू नये अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे दोरी. बैलाच्या कासऱ्यासारखी जाड, सुती दोरी घ्यावी. नायलॉनने हात आणि पाय भाजल्यासारखे सोलवटतात, आणि ताणणारी रबरी दोरी सुटून तोंडावर येते. धागे निघू लागले की दोरी आणि वेणी लगेच बदलावी, कारण गिळलेला लांब धागा आतड्यात अडकला तर बहुधा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. छडी उन्हात पडून राहिली तर पीव्हीसी ठिसूळ होते. ती घरात ठेवावी.

मी पशुवैद्य नाही. परंतु स्वस्त खेळणे महाग कसे पडते, हे पाहणे माझ्या कामाचा भाग आहे. आमिष जमिनीलगतच, मोठ्या वर्तुळात फिरवावे. ते उंच उडवून कुत्र्याला उड्या मारायला लावले किंवा एकदम उलट दिशेला झटका दिला, तर गुडघ्याचा अस्थिबंध फाटू शकतो, आणि त्या शस्त्रक्रियेपुढे यंत्राची किंमतही किरकोळ वाटेल. आपला कुत्रा दोन वर्षांचा आहे हे बरे; वाढत्या हाडांच्या पिल्लासाठी हा खेळ योग्य नाही. आधी थोडे चालवून आणावे, मग पाच ते दहा मिनिटे खेळावे, मध्ये त्याला आमिष पकडू द्यावे आणि ‘सोड’ म्हटल्यावर सोडायला शिकवावे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार असतो, तेव्हा हा खेळ पहाटेच खेळावा. संध्याकाळी त्याला नुसते फिरायला नेतानाही फरशी किती तापली आहे, हे तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावे. हाताला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

आता वाचलेल्या पैशांविषयी. हप्ता भरायची आपली तयारी होतीच, तर दरमहा २,००० रुपयांचे नऊ महिन्यांचे आवर्ती ठेव खाते आपल्या बँकेत उघडावे. टपाल खात्याची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, म्हणून ती या कामाला उपयोगी नाही. नऊ महिन्यांनी व्याजासह १८,००० रुपयांहून थोडी अधिक रक्कम हाती येईल. ती कुत्र्याच्या नावाने वेगळी ठेवावी आणि रेबीजची वार्षिक लस, जंताचे औषध, गोचीडताप यांचा खर्च त्यातूनच करावा, म्हणजे घराच्या ४५,००० रुपयांना हात लागणार नाही.

राहता राहिली मातोश्रींची दुपार. त्या वेळी त्याला धावडवणे कोणत्याही साधनाने धोक्याचेच आहे. छडी ओढण्याइतका जोर त्यांनी लावू नये. एक जुना टॉवेल पसरून त्यात कडक भाकरीचे चार-पाच बारीक तुकडे गुंडाळावेत आणि तो सावलीत, पंख्याखाली कुत्र्यापुढे ठेवावा. नाकाने हुंगत, पंजाने उलगडत तो बराच वेळ गुंतून राहतो, आणि मातोश्रींना खुर्चीतून उठावेही लागत नाही. फक्त तो टॉवेल चावू लागला की काढून घ्यावा.