कोडीन (अफूपासूनचं, खोकला दाबणारं औषध) नसलेलं खोकल्याचं औषध ॲलर्जीच्या खोकल्यावर चालतं का, हे प्राण्यांवर कसं तपासतात? गिनी पिगच का?

गिनी पिग का, तर उंदराला आपल्यासारखा खोकला येत नाही आणि गिनी पिगला येतो. खरा प्रश्न ॲलर्जीचा आहे. त्यावरून कोल्हापुरात एम. फार्म. करताना माझं गाईड सरांशी चांगलंच वाजलं होतं.

माझ्याकडे अडुळशाचा अर्क होता. सर म्हणायचे, "सायट्रिक ॲसिडचा फवारा दे, खोकले मोज, कोडीनशी तुलना कर, झालं." अहो, धडधाकट प्राण्याला ॲसिड हुंगवलं की जो येतो तो ठसका. त्यात ॲलर्जी कुठाय? त्यासाठी आधी ओव्हाल्ब्युमिन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन, ॲलर्जी जोरात यावी म्हणून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडबरोबर टोचायचं, ती तयार व्हायला दोनेक आठवडे थांबायचं, तेच प्रथिन हुंगवायचं आणि मग सायट्रिक ॲसिड किंवा कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीतला तिखट घटक. सर म्हणाले, "वेळ जातो, जनावरं दगावतात." दगावतात, खरंय. श्वासनळ्या एकदम आवळतात. म्हणून तर आधी मेपिरामिन हे अँटीहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीवरचं औषध, देतात.

शेवटी सरांच्याच पद्धतीनं झालं. पावसाळाभर कपिलतीर्थ मंडईतून कोबी-कोथिंबीर आणायची, कारण या प्राण्याचं शरीरही आपल्यासारखंच क जीवनसत्त्व बनवत नाही. मग ॲक्रिलिकच्या पेटीसमोर बसायचं. खोकताना तो मान पुढं ताणतो, तोंड उघडतो, पोट आत खेचतो. शिंकताना डोकं झटकतो, पंज्यानं नाक पुसतो. हा फरक डोळ्यांत बसल्याशिवाय आकडे लिहूच नयेत, आणि मोजणाऱ्याला कुठल्या पेटीत कुठलं औषध ते कळता कामा नये.

कोडीनच्या मोठ्या डोसवर प्राणी कोपऱ्यात गपगार बसायचे. सुस्तावलेला प्राणी कमी खोकणारच! झोप आणणाऱ्या अँटीहिस्टामिनचंही तेच. म्हणून हालचाल वेगळी मोजा, नाहीतर गुंगीलाच गुण समजाल.

व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "शीर्षकात ॲलर्जी आहे, प्रयोगात कुठाय?" सर गप्प. शीर्षकातला तो शब्द काढावा लागला.

अँटीहिस्टामिनच तपासायचं असेल तर मेपिरामिननं घोळ होतो, आखणी बदलावी लागेल. आणि गिनी पिगवर चाललेलं माणसावर चालेलच असं नाही, तेव्हा घरच्या खोकल्यासाठी हे वाचत असाल तर डॉक्टरकडे जा. विद्यार्थी असाल तर ॲलर्जीवाला गट एथिक्स कमिटीच्या (प्राण्यांवरच्या प्रयोगाला परवानगी देणाऱ्या समितीच्या) पहिल्याच अर्जात घाला. गाईड नको म्हणाले तर कारण लेखी मागा.