ओल्ड स्कूल रुनस्केपमध्ये कमी पैशांत क्राफ्टिंगची लेव्हल लवकर कशी वाढवावी?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ओल्ड स्कूल रुनस्केप या ऑनलाइन खेळात तुमचं क्राफ्टिंग (वस्तू बनवायचं स्किल) ४० वर आहे, मेंबरशिप आहे, गाठीशी चारेक लाख नाणी आहेत, खेळणं बहुतेक फोनवर आणि रोज संध्याकाळी तासभर. आणि कुणीतरी सांगितलंय की ड्रॅगनहाइडच्या बॉड्या (ड्रॅगनच्या कातडीची अंगातली चिलखतं) शिवा, बाकीच्या सगळ्या पद्धतींत वेळ वाया जातो. हा सल्ला तुमच्यासाठी चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. हिरव्या ड्रॅगनहाइडची बॉडी शिवायलाच ६३ लेव्हल लागते, ही एक अडचण झाली. पण खरं कारण वेगळं आहे, आणि ते एकदा पटलं की फक्त क्राफ्टिंगच नाही, पैसे खाणारं कुठलंही स्किल वाढवताना उपयोगी पडेल.

'ताशी एक्सपी' (तासाला मिळणारे अनुभवाचे गुण, ज्यांनी लेव्हल वाढते) हा आकडा सगळीकडे सांगतात, पण तो अर्धाच हिशेब आहे. त्यात फक्त वस्तू बनवायचा वेळ धरलेला असतो. कच्चा माल विकत घेण्यासाठी जी नाणी लागली, ती कमवायला किती तास गेले, ते त्यात कुठेच नसतं. ज्याच्या बँकेत अब्जावधी नाणी पडून आहेत त्याला तो आकडा पुरेसा आहे. तुम्हाला आणि मला नाही.

आधी वेग कुठून येतो ते बघू. खेळाचं घड्याळ टिकवर चालतं, एक टिक ०.६ सेकंदांचा. रत्न कापायला २ टिक, बॅटलस्टाफला (लढाईच्या काठीला) ऑर्ब (काचेचा गोळा) जोडायला २ टिक, काच फुंकायला ३ आणि ड्रॅगनहाइडची बॉडी शिवायलाही ३. इन्व्हेंटरीत, म्हणजे सोबतच्या पिशवीत, जागा २८. एका बॉडीला ३ कातडी लागतात, म्हणजे सुई-दोरा ठेवून एका खेपेत ८ बॉड्या होतात, साधारण साडेचौदा सेकंदांत. काळ्या बॉडीचे (लेव्हल ८४) प्रत्येकी २५८ एक्सपी, म्हणजे खेपेला २,०६४. बँकेतले दोन-तीन सेकंद धरले तर ताशी सव्वाचार लाखांच्या आसपास जातं. काचेचं बघा: फुंकायचा पाइप ठेवून २७ मोल्टन ग्लास (वितळलेली काच), एक खेप ४८ सेकंदांहून थोडी जास्त चालते. लँटर्न लेन्सचे (लेव्हल ४९) ५५ एक्सपी धरले तर खेपेला १,४८५, ताशी लाखभर. बॉड्या चौपट वेगवान आहेत, हे खरंच आहे.

आता पैसे त्यात घाला. भाव रोज बदलतात, म्हणून एक मानलेला आकडा घेतो: समजा कातडी विकत घेऊन, शिवून, विकून प्रत्येक काळ्या बॉडीमागे २,००० नाण्यांचा तोटा होतो. दहा लाख एक्सपीसाठी ३,८७६ बॉड्या लागतात, म्हणजे तोटा साडेसत्त्याहत्तर लाखांचा. तुमची कमाई ताशी दहा लाख असेल तर ती भरून काढायला पावणेआठ तास, वर शिवायचे सव्वादोन तास, एकूण दहा. काचेने दहा लाख एक्सपीला लागतात तेही दहा तासच! आणि तुमची कमाई ताशी पाच लाखच असेल (चार लाख शिल्लक असलेल्याची यापेक्षा फार जास्त नसावी) तर बॉड्यांचे तास अठराच्या घरात जातात. म्हणजे 'सर्वात वेगवान' पद्धत तुमच्यासाठी जवळपास दुप्पट हळू ठरते.

विकायच्या बाबतीत अजून एक गोष्ट. ग्रँड एक्सचेंजवर (खेळाडूंच्या बाजारात) विकताना कर कापला जातो, म्हणून पुष्कळ जण बॉड्या विकण्याऐवजी हाय अल्केमी (वस्तूची थेट नाणी करणारा मंत्र) करतात. काळ्या बॉडीचे ८,०८८ आणि हिरवीचे ४,६८० मिळतात, हा भाव कायमचा ठरलेला आहे. पण एका अल्केमीला ५ टिक, म्हणजे ३ सेकंद जातात, शिवायच्या वेळेपेक्षाही जास्त. तो वेळ मॅजिकच्या खात्यात गेला असं धरत असाल तर उत्तम, कारण प्रत्येक वेळी ६५ एक्सपी तिकडे मिळतो. फक्त हिशेबातून तो वगळू नका.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला काच. त्यातही फोनवर खेळणाऱ्याला तर काचच. एक खेप जवळजवळ पन्नास सेकंद आपली आपण चालते, तेवढा वेळ स्क्रीनला हात लावायचा नाही. बॉड्या शिवताना दर पंधरा सेकंदांनी बँक उघडावी लागते. डेस्कवर माऊसने ते जमतं, अंगठ्याने तासभर करणं त्रासाचं आहे. शिवाय भारतातून खेळताना सर्व्हर लांब असतो, पिंग जास्त येतो. बॉसशी लढताना तो नडतो, काच फुंकताना त्याने काही बिघडत नाही. लोणावळ्याच्या बोगद्यांत रेंज गेली आणि लॉगआउट झालात तरी इन्व्हेंटरीतला माल तसाच असतो.

४० ते ४६ हा तुकडा लहान आहे, ३०,७५९ एक्सपीचा. काचेची व्हायल (लेव्हल ३३) ३५ एक्सपीची, ४२ ला फिशबोल येतो तो ४२.५ चा, सगळं काचेनेच करायचं तर पावणेआठशे काचा पुरतात. किंवा माणकं कापा: ३४ लेव्हलला जमतं, प्रत्येकी ८५ एक्सपी, ३६२ माणकांत काम होतं. तोटा झाला तरी इतक्या कमी नगांत तो फार होत नाही. मर्डर मिस्टरी हे क्वेस्ट (खेळातली मोहीम) राहिलं असेल तर ते आधी करा, त्यात १,४०६ एक्सपी फुकट आहेत; द जायंट ड्वार्फमध्ये २,५००.

४६ ला अनपॉवर्ड ऑर्ब बनवता येतो, ५२.५ एक्सपी. ४९ ला लँटर्न लेन्स, ५५. गाइडमध्ये वाचून लोक ४९ झाली की डोळे झाकून लेन्सकडे वळतात. मी तसं करायला सांगणार नाही. अडीच एक्सपीचा फरक आहे फक्त. ऑर्ब मात्र पुढे मंत्राने भारून बॅटलस्टाफला जोडला जातो, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक असतं. लेन्स बुल्सआय कंदिलाशिवाय फारशी कुठे लागत नाही. खेळ उघडला की मोल्टन ग्लास, ऑर्ब आणि लेन्स या तिघांचे त्या दिवसाचे भाव बघा. लेन्समध्ये तोटा आणि ऑर्बमध्ये बरोबरी असेल तर ऑर्बच बनवा. ४६ पासून ६१ पर्यंत साधारण ४,४६० ऑर्ब लागतात, फोनवर अडीच-तीन तासांचं काम. तुमच्या हिशेबाने तीन संध्याकाळी.

६१ मी उगाच म्हणत नाही. ल्युनर डिप्लोमसी या क्वेस्टला क्राफ्टिंग ६१ लागतं (मॅजिक ६५, मायनिंग ६० वगैरे वेगळं), आणि ते क्वेस्ट केलं की ल्युनर मंत्रांचं पुस्तक उघडतं. त्यातला सुपरग्लास मेक हा मंत्र मॅजिक ७७ ला मिळतो. हा मंत्र काचेचं सगळं गणित बदलतो. भट्टीत एका वाळूच्या बादलीला एक सोडा अॅश घालून एकच काच निघते. मंत्राने साध्या सीवीडबरोबर (समुद्री शेवाळाबरोबर) सरासरी १.३ आणि जायंट सीवीडबरोबर १.६ काचा पडतात. १८ बादल्या वाळू आणि ३ जायंट सीवीड घेतले की एका मंत्रात अठ्ठावीस-एकोणतीस काचा, तेही दोन-तीन सेकंदांत. इन्व्हेंटरीत न मावलेल्या काचा जमिनीवर पडतात, त्या उचलायच्या की सोडायच्या हे तुमच्यावर. पैसे कमी असतील तर उचला.

हा भाग मला सगळ्या खेळात फार आवडतो, कारण इथे कुणाकडून काही विकत घ्यायची गरज उरत नाही. जायंट सीवीड फॉसिल आयलंडजवळ समुद्राच्या तळाशी स्वतः लावता येतं. बोन व्हॉयेज क्वेस्ट झालेलं हवं, फार्मिंग २३ हवं, पाण्याखाली श्वासाचं सामान हवं. दोन वाफे आहेत, पीक चाळीस मिनिटांत तयार होतं, आणि त्याचे स्पोअर (बी) तिथेच तळाशी अधूनमधून उगवतात ते गोळा करायचे. वाळूसाठी द हँड इन द सँड क्वेस्ट करा, त्याला क्राफ्टिंग ४९ आणि थीव्हिंग १७ लागतं. मग यानिलमधल्या बर्टशी रोज एकदा बोललात की ८४ बादल्या वाळू थेट बँकेत येऊन पडते. आयर्नमॅन खाती, ज्यांना इतर खेळाडूंशी व्यवहारच करता येत नाही, ती बहुतेक याच वाटेने वर जातात. घाई असेल तर पोर्ट सॅरिम किंवा कॅथर्बीच्या धक्क्यावर चार्टर जहाजांचे खलाशी वाळू, सोडा अॅश आणि सीवीड तिन्ही विकतात. एका वर्ल्डमधला (खेळाच्या एका सर्व्हरवरचा) साठा संपला की दुसऱ्या वर्ल्डमध्ये जायचं. मॅजिक ७७ अजून लांब असेल तर तोपर्यंत भट्टी आहेच, आणि भट्टीत वितळवलेल्या प्रत्येक काचेचे २० एक्सपी वेगळे मिळतात, हे लोक धरायला विसरतात.

याला जोडून रोज करायचं एक काम. वॅरॉकमध्ये झाफ नावाचा काठ्यांचा दुकानदार आहे. वॅरॉक डायरीचे (त्या भागातल्या ठरलेल्या कामांच्या यादीचे) सोपे टप्पे पूर्ण केले की तो रोज १५ बॅटलस्टाफ प्रत्येकी ७,००० ला देतो. मध्यम टप्प्यांनंतर ३०, अवघडनंतर ६०, एलिटनंतर १२०. त्यांना ऑर्ब जोडला की हाय अल्केमीत ९,३०० मिळतात. ऑर्बची आणि अल्केमीला लागणाऱ्या नेचर रूनची किंमत वजा करून काय उरतं ते त्या दिवशी बघायचं, पण बहुधा काहीतरी उरतंच आणि एक्सपी वर मिळतो. पाण्याचा ऑर्ब जोडायला ५४ लेव्हल (१०० एक्सपी), मातीचा ५८ (११२.५), अग्नीचा ६२ (१२५), हवेचा ६६ (१३७.५). चारही काठ्यांचा अल्केमीचा भाव सारखाच आहे, म्हणून लेव्हलला जमणाऱ्यांपैकी ज्याचा ऑर्ब स्वस्त तो घ्या. एक्सचेंजवरून हजारोंनी बॅटलस्टाफ घेऊन बनवणं ही वेगळी गोष्ट, ती वेगवान आहे पण त्यात तोटा येतो. झाफकडच्या रोजच्या काठ्यांना तो नियम लावू नका.

मग बॉड्या कधी? पैसे साठले, आणि एखाद्या ठरलेल्या लेव्हलपर्यंत थोडंसंच अंतर उरलं, तेव्हा. निळी ७१ ला (२१० एक्सपी), लाल ७७ ला (२३४), काळी ८४ ला. दर वेळी वरचा रंगच घ्यायला हवा असं नाही; तोटा भागिले एक्सपी करून एका एक्सपीला किती नाणी पडतात ते काढा. कधीकधी ८४ नंतरही हिरवी परवडते.

कुठवर जायचं तेही ठरवून ठेवा. स्लेयर हेल्मेटला ५५ पुरतं. ड्रॅगनस्टोनचा ताईत घडवायला ८० लागतं. ९९ ला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात आणि त्याचा निम्मा पल्ला ९२ ला होतो, म्हणजे ९२ आणि ९९ मधलं अंतर दिसतं त्यापेक्षा खूप मोठं आहे. तरी पुष्कळ जण ९९ करतात ते क्राफ्टिंग केपसाठी, कारण ती केप थेट क्राफ्टिंग गिल्डमध्ये नेऊन सोडते आणि तिथे बँक अगदी जवळ आहे. पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडते. तुम्हाला फक्त क्वेस्टपुरतं हवं असेल तर ६१ वर थांबून दुसरं स्किल घ्यायला काहीच हरकत नाही.

ऑटोक्लिकर किंवा मॅक्रोचा मोह कृपया टाळा, फोनवरचे टॅप करणारे अॅपही त्यातच येतात. नियमाने बंदी आहे, खातं जातं, आणि क्राफ्टिंगसारखं एकाच ठिकाणी उभं राहून करायचं काम तर पटकन नजरेत येतं. बाहेरच्या साइटवरून खऱ्या पैशांनी नाणी घेणंही तसंच.

माणकांनी किंवा काचेने ४६ गाठली की चार लाखांतली सगळी नाणी एकदम ऑर्बमध्ये घालू नका. २७० मोल्टन ग्लास घ्या, दहा खेपा. बँकेत काच पहिल्या ओळीत ठेवा, काढायची संख्या 'ऑल'वर ठेवा, पाइप इन्व्हेंटरीतच राहू द्या म्हणजे दर खेपेला दोन-तीन टॅप पुरतात. १४,१७५ एक्सपी होतील. ऑर्ब विकून किती नाणी परत आली आणि किती मिनिटं गेली ते लिहून ठेवा. मग तोच आकडा लेन्ससाठी काढा. दोन्ही इथे खाली लिहिलेत तर मॅजिक, फार्मिंग आणि कुठली क्वेस्ट झालीत तेही सांगा, म्हणजे सुपरग्लास आधी गाठायचं की झाफच्या काठ्या, ते तुमच्या खात्याकडे बघून सांगता येईल.