उमेदवार पक्षानं द्यायचा की मंडळानं?

प्रश्न : आमचं महिला मंडळ मानेवाड्याचं. गडर लाइन, पथदिवे, नळाची वेळ, सगळ्यासाठी झोन ऑफिसच्या चकरा आम्हीच मारतो. जागा महिला राखीव निघाली की तिकीट मात्र कुणाच्या तरी ‘सौं’ना. जपानमध्ये गृहिणींनी पक्षांना बाजूला ठेवून आपल्यातल्याच बायका निवडून आणल्या, असं एका व्याख्यानात ऐकलं. ते कसं जमलं? आणि जमलं होतं तर पहिली महिला पंतप्रधान व्हायला 2025 का उजाडलं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, ऐकलंत ते खरं आहे, आणि त्याची सुरुवात दुधापासून आहे. 1965 मध्ये टोकियोच्या सेतागाया भागात दोनेकशे गृहिणींनी एकत्र येऊन दूध स्वस्तात घ्यायला सुरुवात केली. त्यातून ‘सेइकात्सु क्लब’ ही सहकारी संस्था झाली. शेजारपाजारची सात-आठ घरं मिळून एक गट. मागणी आधी नोंदवायची, माल एकाच घरी उतरणार, वाटणी आपसात. (गोकुळपेठ मार्केटात एकेक वांगं दाबून बघणाऱ्या आपल्याला न बघता घेणं झेपलं असतं का, देव जाणे.) अशा गटांत हिशेब ठेवणं, बैठक चालवणं, भांडण मिटवणं बायका आपोआप शिकल्या.

पुढे डिटर्जंटच्या पाण्यानं नद्या-तळी खराब होतात म्हणून त्यांनी साधा साबण वापरा अशी मोहीम काढली. दारोदार फिरून सह्या जमवल्या, स्थानिक सभागृहांपुढे मागण्या ठेवल्या. सभागृहांनी त्या फेटाळल्या. आत आपलं कुणी नाही तर सह्यांच्या गठ्ठ्याला रद्दीचा भाव, हे त्यांना तिथं कळलं. मग 1979 मध्ये नेरिमा वॉर्डात त्यांनी आपली पहिली प्रतिनिधी निवडून आणली. पुढे टोकियो, कानागावा आणि इतर भाग मिळून स्थानिक सभागृहांतली त्यांची संख्या शंभरावर गेली.

तुमच्या मंडळानं वहीत उतरवून घ्यावेत ते त्यांचे नियम. निवडून आलेली बाई दोन-तीन मुदतींनंतर बाजूला होणार आणि दुसरी पुढे येणार. तिचं मानधन संघटनेकडे जमा होणार, तिथून तिला ठरलेली रक्कम मिळणार. प्रचार सभासदांनीच करायचा. पहिला नियम मला सोन्यासारखा वाटतो. दुसऱ्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. तिथल्या बहुतेकींच्या घरी नवऱ्याचा पक्का पगार येत होता, म्हणून मानधनावर पाणी सोडणं परवडलं. बायका पार्टटाइम नोकऱ्यांवर जायला लागल्या तशी दुपारच्या बैठकींची माणसं कमी होत गेली. तुमच्या मंडळात मेस चालवणारी, शिवणकाम करणारी असेल, तर तिचं मानधन तिच्याच हातात राहू द्या.

आता दुसरा प्रश्न. जपानी बायका गप्प बसल्या म्हणून उशीर झाला, असं अजिबात नाही. 1900 च्या पोलीस कायद्यानं त्यांना राजकीय सभेला जायचीसुद्धा बंदी होती. हिरात्सुका राइचो, इचिकावा फुसाए, ओकू मुमेओ यांच्या नवीन महिला संघटनेनं झगडून 1922 मध्ये सभेपुरती ती उठवली. मताचा हक्क युद्ध संपल्यावर, 1945 च्या डिसेंबरात आला. ओकूबाईंनी पुढे गृहिणींचा संघ काढला, त्याची ठिणगी पेट न घेणाऱ्या आगपेट्यांवरून पडली. मोर्चात त्यांच्या हातात भात वाढायचा भलामोठा लाकडी सराटा असायचा. आपल्याकडे मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांनी लाटणं मोर्चा काढला, त्याच जातकुळीचं हे.

10 एप्रिल 1946 च्या पहिल्याच निवडणुकीत खालच्या सभागृहात 39 बायका निवडून आल्या. तेव्हा मतदारसंघ मोठे होते आणि एका मतदाराला दोन किंवा तीन नावं लिहिता येत होती. पहिलं नाव पुरुषाचं लिहिलं तरी दुसरं बाईचं लिहायला जागा उरायची. 1947 मध्ये पद्धत बदलून एकच नाव ठेवलं आणि 39 च्या 15 झाल्या. तो 39 चा आकडा ओलांडायला 2005 उजाडलं. त्यात एका जागेची अनामत 30 लाख येन, आणि पक्ष जुन्या खासदारालाच पुन्हा उभं करणार. 2018 मध्ये स्त्री-पुरुष उमेदवार सारखे द्या असा कायदा झाला, पण त्यात सक्ती नाही. ताकाइची सानाए पंतप्रधान झाल्या त्या सत्ताधारी पक्षाच्या आतल्या शिडीनं, गृहिणींच्या चळवळीतून नव्हे. लग्नानंतर नवरा-बायकोला वेगळी आडनावं ठेवू द्यावीत, ही तिथल्या महिला संघटनांची जुनी मागणी. ताकाइचींचा तिला विरोध आहे.

राखीव जागा तुम्हाला आयती आहे, ती त्यांना नव्हती. शिवाय आपल्या प्रभागात बहुतेक ठिकाणी चार बटणं दाबायची असतात, म्हणजे 1946 ची सोय तुमच्या हातात आहे. अडचण एवढीच की लोक चारही बटणं एकाच पॅनेलची दाबतात, त्यात अपक्ष बाई वाहून जाते. म्हणून घरोघरी जाऊन एकच सांगा, ‘तीन तुमच्या मर्जीची, महिला जागेचं आमच्या बाईला.’ पक्ष तिकीट द्यायला आलाच, तर नाव मंडळाच्या बैठकीत ठरेल हे आधी कबूल करून घ्या. आणि बैठकीला नवरे नकोत.