चोवीस जुलैची सुट्टी

प्रश्न : माझी लेक सॉल्ट लेक सिटीत राहते. तिथे २४ जुलैला सुट्टी असते. ती कशाची? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, २४ जुलै १८४७ ला मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे नेते ब्रिगहॅम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले, त्याची ही सुट्टी. मला मात्र त्या दिवशी जेन मॅनिंग जेम्स आठवते. कनेटिकटची ही कृष्णवर्णीय बाई. १८४३ मध्ये भाड्यावाचून बोटीत जागा मिळाली नाही, तेव्हा ती घरच्यांसह सुमारे १,३०० किलोमीटर चालत इलिनॉयमधल्या नाऊव्हू या मॉर्मनांच्या तेव्हाच्या गावी गेली. पायांना भेगा पडून जमिनीवर रक्ताची पावलं उमटत होती, असं तिनेच पुढे सांगितलं. १८४७ च्या सप्टेंबरात ती नवरा-मुलांसह खोऱ्यात आली. सुरुवातीची वर्षं उपासमारीची. १८४९ मध्ये एलायझा लायमन या शेजारणीच्या घरात भाकरीपुरतंही पीठ नव्हतं, तेव्हा जेनने तिला सुमारे दोन पौंड पीठ दिलं. एलायझाने रोजनिशीत लिहून ठेवलंय : जेनकडे होतं त्यातलं हे जवळजवळ निम्मं. पोरंबाळं असलेल्या घरातलं निम्मं पीठ! हे वाचताना माझा गळा दाटून येतो.

याच जेनने मॉर्मन मंदिरातल्या सर्वोच्च विधींसाठी वर्षानुवर्षं विनवण्या केल्या. वर्णामुळे नकारच मिळाला. १९०८ मध्ये ती वारली. कृष्णवर्णीयांवरची ती बंदी उठली १९७८ मध्ये.