बागेचा नकाशा आणि लॅपटॉपची रॅम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी काटोल आणि नरखेड भागातील संत्र्याच्या बागांची ड्रोनने छायाचित्रे घेऊन त्यांचे नकाशे तयार करून देतो. एका बागेची साधारण ४०० ते ४५० छायाचित्रे होतात. वर्षातून दोन-तीनदा उमरेडकडील खाणीचे काम येते, तेव्हा हा आकडा ९०० पर्यंत जातो. माझ्या लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम (काम चालू असताना माहिती ठेवणारी तात्पुरती मेमरी) असून काम अर्ध्यावर बंद पडते. सीताबर्डीवरील एका दुकानात ६४ जीबीशिवाय पर्याय नाही असे सांगितले, तर माझे साडू म्हणतात की १६ जीबी पुष्कळ झाली, दोष दुसरीकडे असावा. नवा लॅपटॉप घेताना काय पाहावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : दुकानदाराने आणि साडूंनी आपापला आकडा सांगितला, पण आपल्या कामाचे माप दोघांपैकी कोणीच घेतलेले दिसत नाही. ते आपल्याला घरीच घेता येईल. नेहमीच्या एखाद्या बागेचे काम चालू असताना विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्सच्या पानावर मेमरीचा भाग पाहावा. तेथे ‘कमिटेड’ या शब्दाखाली दोन आकडे असतात. त्यांतील पहिला म्हणजे चालू असलेल्या सर्व प्रोग्रॅमनी मिळून मागितलेली मेमरी. हा आकडा १६ च्या बराच वर गेला आणि त्याच वेळी डिस्क शंभर टक्क्यांच्या आसपास राबत असली, तर रॅम अपुरी पडते आहे असे समजावे. रॅममध्ये न मावणारी माहिती विंडोज एसएसडीवरील (म्हणजे लॅपटॉपच्या कायमच्या साठवणीच्या डिस्कवरील) पेज फाइलमध्ये नेऊन ठेवते. रॅममधून माहिती मिळायला सेकंदाचा जेमतेम एक कोटीवा भाग लागतो. चांगल्या एसएसडीला त्याच्या शेकडोपट वेळ लागतो, म्हणून काम आधी रेंगाळते आणि पेज फाइलही भरली की बंद पडते.

आपल्या बाबतीत काय दिसेल, याचा अंदाज साध्या गुणाकाराने बांधता येतो. २० मेगापिक्सेलचे एक छायाचित्र डिस्कवर आठ-दहा एमबी जागा घेते, परंतु ते उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलचे तीन बाइट याप्रमाणे ६० एमबी होते. अशी ४५० छायाचित्रे म्हणजे २७ जीबी. सॉफ्टवेअर ती सर्व एकदम उघडत नाही हे खरे, पण त्यांतून जुळवलेल्या कोट्यवधी बिंदूंचा भार वेगळाच असतो. ओपनड्रोनमॅप या मुक्त सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत २५० छायाचित्रांना १६ जीबी, ५०० ना ३२ आणि १५०० ना ६४ असा ठोकताळा दिलेला आहे. सॉफ्टवेअरनुसार हे आकडे बदलतील, तरी साडूंचे म्हणणे येथे टिकत नाही. हिशेबाच्या आणि पत्रव्यवहाराच्या कामाला मात्र त्यांचे १६ जीबी आजही पुरेत.

तेव्हा आपली नेहमीची गरज ३२ जीबीची आहे. खाणीचे काम तेवढ्यात एकसंध बसणार नाही, पण वर्षातल्या दोन-तीन कामांसाठी ६४ जीबीचे पैसे आजच मोजावेत असे मला वाटत नाही, कारण क्षेत्राचे दोन-तीन तुकडे करून ते वेगवेगळे प्रक्रियेला लावता येतात आणि शेवटी जोडता येतात. वेळ अधिक लागतो, एवढेच.

दुकानात जाताना आकड्यापेक्षा दुसरीच गोष्ट आधी विचारावी : रॅम मदरबोर्डवरच डाख देऊन बसवलेली आहे, की तिची पट्टी बसवण्यासाठी स्लॉट, म्हणजे खाचा, आहेत? पातळ आणि देखण्या लॅपटॉपमध्ये बहुधा पहिला प्रकार असतो आणि त्यात पुढे एक जीबीही वाढवता येत नाही. आपण दोन स्लॉटचे यंत्र घ्यावे. यात एक पेच आहे. १६-१६ च्या दोन पट्ट्या लावल्यास रॅम आणि प्रोसेसर यांच्यातील माहितीचे दोन्ही मार्ग वापरले जाऊन वेग अधिक मिळतो, पण पुढे ६४ करायचे झाल्यास दोन्ही काढून टाकाव्या लागतात. ३२ ची एकच पट्टी लावल्यास वेग काहीसा घटतो, मात्र दुसरा स्लॉट मोकळा राहतो. खाणीची कामे वाढण्याची शक्यता असेल तर मी दुसरा मार्ग पत्करीन. मंदावलेले काम निदान पुरे तरी होते. ग्राफिक्स कार्डची स्वतःची मेमरी असते. विक्रेता ती या आकड्यात मिळवून सांगत असेल, तर ती वजा करावी.

आणखी एक. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा बंद खोलीत तासन्‌तास चालणारा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्या मंदपणावर रॅम वाढवणे हा उपाय नव्हे, म्हणून वर सांगितलेले माप कूलरच्या वाऱ्यात किंवा सकाळी लवकर घ्यावे.

प्रश्न : लग्नसमारंभाच्या चित्रफिती संपादित करण्यासाठी मला ८ जीबीचा जुना मॅकबुक स्वस्तात मिळतो आहे. मॅकमधील ८ जीबी ही इतर लॅपटॉपमधील १६ जीबीइतकी चालते, असे विकणारा म्हणतो. हे खरे आहे काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. ॲपलने २०२० मध्ये आणलेल्या एम१ चिपपासून मॅकबुकमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच मेमरीवर चालतात. त्यामुळे माहितीची ने-आण वाचते, पण त्याच ८ जीबीत दोघांना भागवावे लागते, आणि संपादनात ग्राफिक्सचा वाटा लहान नसतो. ही मेमरी नंतर वाढवता येत नाही. स्वतः ॲपलनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची किमान मेमरी ८ वरून १६ जीबी केली.