तुमचे प्रश्न : उसातली पिल्लं, गडावरचे सीडबॉल आणि आजीचा मिठू

प्रश्न : सर, मी जुन्नर तालुक्यात झेडपीच्या शाळेत शिकवते. वन्यजीव सप्ताह आला की आमच्याकडे दरवर्षी तेच, चित्रकला स्पर्धा, घोषवाक्यं आणि 'वाघ वाचवा'ची प्रभातफेरी. आमच्या मुलांना वाघ कुठे दिसतोय, त्यांना दिसतो बिबट्या, तोही घरामागच्या उसात. तोड सुरू झाली की कुठेतरी पिल्लं सापडतात आणि लोक मांडीवर घेऊन फोटो काढतात. खरंच उपयोगी पडेल असं काय करता येईल?

उत्तर : मॅडम, तुमचा विषय तुम्हीच लिहून पाठवलाय, तोड आणि पिल्लं हाच घ्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सप्ताह असतो आणि कारखाने साधारण त्यानंतरच सुरू होतात, म्हणजे मुलांनी घरी सांगितलेलं ताजं असतानाच कामाला येईल.

मादी उसात पिल्लं घालते कारण तिथे दाट आडोसा मिळतो, पाणी जवळ असतं आणि खायला कुत्री, डुकरं आसपासच असतात. तोडणारे जवळ आले, गलका झाला की ती सरकते पण लांब जात नाही, बऱ्याचदा शेजारच्याच फडात दबून असते. लोक म्हणतात आई टाकून गेली, तसं नसतं. त्या वेळी तोड थांबवायची, सगळ्यांनी मागे व्हायचं, कुणी हात लावायचा नाही आणि वनखात्याला कळवायचं, १९२६ हा हॅलो फॉरेस्टचा नंबर मुलांकडून पाठच करून घ्या. मग पिल्लं तपासून संध्याकाळी, सापडली त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि माणसं तिथून निघून जातात. अंधार पडला की आई येते, क्रेट उलथवते, वास घेते आणि एकेकाला मानगुटीला धरून घेऊन जाते. ट्रॅप कॅमेऱ्यातले असे व्हिडिओ आहेत, माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र तुमच्याच तालुक्यात आहे, तिथे विचारा आणि मुलांना दाखवा. पिल्लं उचलून नेली तर ती बिचारी त्याच शिवारात शोधत फिरते, आणि त्यात धोका तिथल्याच माणसांना.

आणखी एक, सापडलेलं प्रत्येक ठिपकेवालं पिल्लू बिबट्याचं नसतं. वाघाटी म्हणजे जगातल्या सगळ्यात छोट्या रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेली असली तरी दीडेक किलोची, तीही उसात पिल्लं घालते आणि लोक बिबट्या समजून आरडाओरडा करतात. दोन्ही पिल्लांचे फोटो वर्गात शेजारी शेजारी लावा.

पण गावातल्या मुलांना सांगून अर्धंच काम होतं. फडात कोयता घेऊन उभी असतात ती बीड, नगरकडनं आलेली टोळीची माणसं, त्यांची लहान लेकरं बांधाला झोपवलेली असतात, आणि कुठल्याच शाळेची प्रभातफेरी त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जात नाही. तुम्ही जा. मुकादमाला आधी भेटा, संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी सगळे असतात तेव्हा दहा मिनिटं बोला. दिवस मावळल्यावर लेकराला एकटं सोडू नका, बाहेर बसायला जाताना सोबत आणि बॅटरी न्या, हे आधी, पिल्लांचं नंतर. ज्या भागात बिबट्यानं लेकरं नेलीत तिथे आधी माणसाच्या जिवाचं बोलायला पाहिजे, नाहीतर कुणी ऐकून घेणार नाही आणि त्यांचं बरोबरच आहे.

'पकडा आणि लांब सोडा' ही मागणी पालक करतीलच. तुमच्या भागात २००१ नंतर ते मोठ्या प्रमाणावर करून झालंय. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की जिथे नेऊन सोडले त्या बाजूला माणसांवरचे हल्ले वाढले. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती २०११ पासून वनखात्यानं लोकांना बरोबर घेऊन जागृतीचं काम केलं, त्यात कचरा, उजेड, संडास, पोलीस, पत्रकार सगळं होतं. तुमच्या शाळेला एवढं जमणार नाही, पण वाडीतला उघड्यावरचा कचरा आणि त्यावर जगणारी कुत्री हा विषय सातवीची पोरं ग्रामसभेत नक्की मांडू शकतात.

प्रश्न : आमचा ट्रेकिंग ग्रुप आहे, पावसाळ्यात आम्ही गडांवर आणि सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, सीडबॉल (बिया घातलेले मातीचे गोळे) टाकतो. एकानं कमेंट केली की यानं नुकसान होतं. झाडं लावून नुकसान कसं होईल?

उत्तर : होतं. तुमची तळमळ खरी आहे म्हणूनच स्पष्ट सांगतोय. सडा उघडा दिसतो म्हणजे ओसाड नसतो. सातारचं कास बघा, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि तिथे कातळावर मातीचा नुसता पातळ थर आहे. त्या थरात सीतेची आसवं येतात, निळी-जांभळी, नखाएवढी फुलं, आणि माती इतकी निकस की हे झाड मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांमध्ये चिमुकले जीव पकडून पोट भरतं. दवबिंदूचंही तसंच, फक्त ते चिकट पानांवर किडे धरतं. यांना भरपूर ऊन लागतं, त्यांच्यावर गिरिपुष्प नाहीतर सुबाभळीची सावली आली की ती संपली. आपल्या माळांचंही हेच, तणमोर, लांडगा, खोकड यांना गवतच पाहिजे.

हौस असेल तर वणवा रोखायचं काम घ्या, त्याला माणसं कमी पडतात. जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं असा समज आहे, म्हणून उन्हाळ्यात डोंगर पेटवतात आणि त्यात जमिनीवरची घरटी, बिया, उगवलेली रोपं सगळं जातं. जानेवारी-फेब्रुवारीत वनखात्याशी बोलून वणवा अडवणारे जाळपट्टे काढायला जा, वाटेतल्या वाड्यांमध्ये बसून बोला. आणि सड्यावर गेलात तर पायवाट सोडू नका, रीलसाठी फुलांत लोळणाऱ्यांना बघून खरंच जीव तुटतो.

प्रश्न : आजीकडे बारा वर्षांपासून पोपट आहे, मिठू. तो पाळणं गुन्हा आहे असं ऐकलं. पिंजऱ्याचं दार उघडून सोडून देऊ का?

उत्तर : अजिबात नको. आपला साधा हिरवा पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे हे खरं, पण बारा वर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखात ताकद नसते, खाणं शोधायची सवय नसते, तो मांजराच्या नाहीतर कावळ्यांच्या तावडीत सापडेल. वनखात्याला कळव, ते उपचार केंद्रात नेतील, तिथे तपासून ठरवतात. आजीला एकदम कायद्याची भीती घालू नकोस, तिनं त्याला जीव लावलाय. तिला एवढं सांग की ही पिल्लं ढोलीतून काढून पिशव्यांत कोंबून आणतात आणि त्यातली कितीतरी वाटेतच मरतात. पुढचा पोपट घरात आला नाही म्हणजे झालं.

प्रश्न : जत्रेत 'हत्था जोडी' नावाची मुळी मिळते, भरभराटीसाठी. ऑनलाइनपण दिसली. ही कुठली वनस्पती?

उत्तर : वनस्पती नाहीच ती. नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे, त्यासाठी घोरपडी मारतात. विकणं गुन्हा आणि विकत घेणंही गुन्हा. ऑनलाइनचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, जत्रेतलं ठिकाण लिहून घ्या आणि १९२६ वर कळवा, विक्रेत्याशी स्वतः वाद घालत बसू नका.